काचेपलीकडचं हसू

वाल्मिकचं आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्या पुढं सोडण्यात गेलं. कोपरगावजवळच्या रेल्वे फाटकावर तो दिवसपाळीचा गेटमन. फाटक पाडायचं, हिरवी झेंडी धरून उभं राहायचं, उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या खायच्या, फाटक उचलायचं. गाडीतून हे सगळं कसं दिसतं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून तो व्हिडिओ सापडला तेव्हा तो हरखला. कुणीतरी मनमाडकडं जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत कॅमेरा ठेवून सबंध प्रवास जसाच्या तसा टिपला होता. गाणं नाही, बोलणं नाही. नुसती चाकांची खडखड. सुट्टीच्या दुपारी तो टीव्हीपुढं बसला. नगर गेलं, राहुरी गेली, पुणतांबा गेलं. सिग्नल नसावा, गाडी नेमकी त्याच्या फाटकापाशी थांबली.

पण केबिनच्या दारात कल्याण होता, रात्रपाळीचा गेटमन. दिवसा तो तिथं एकदाच उभा राहिला होता. वाल्मिक पाळी बदलून शिंगणापूरला गेला होता तेव्हा.

मग पायवाटेनं राजेश्वरी आली, वाल्मिकची बायको. नवरा पहाटेच गेलाय हे विसरून, सवयीनं डबा घेऊन. कल्याण काहीतरी बोलला आणि ती हसली. मान मागं टाकून, तोंडावर पदर न धरता. गाडीची काच बंद होती, बोलणं ऐकू आलं नाही. गाडी हलली.

वाल्मिकनं ते पुन्हा पाहिलं. पुन्हा. असं हसू त्याच्या घरात कधी आलं नव्हतं. आधी त्याला कल्याणचा राग आला, मग त्या खिडकीतल्या परक्या माणसाचा. बसल्या जागी त्याला फुकट मिळालं होतं ते.

त्यानं तिला हाक मारली. "काय म्हनला हुता कल्याण?"

राजेश्वरी पडद्याकडं बघत राहिली. "मी अशी हसते व्हय?"

"म्हनला काय त्यो?"

"म्हनला, वहिनी, डब्याचं झाकन उघडू नका. वासानं वाल्मिकभाऊ शनिदेवाला तसंच सोडून पळत येतील." तिला पुन्हा हसू आलं, तिनं पदर तोंडाशी नेला. "परत लावा की."

त्यानं लावलं. थट्टा त्याचीच होती, पण हसू दुसऱ्यानं काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती फाटकावर डबा घेऊन आली. रात्रभर जुळवलेली एक गंमत त्याच्या ओठांवर होती. तेवढ्यात गाडी आली. झेंडी धरून तो एकेक खिडकी निरखत राहिला, कुठं कॅमेरा दिसतो का म्हणून. शेवटचा डबा गेला तेव्हा राजेश्वरी पायवाटेला लागली होती.