आधी निजव, मग वायर काढ

किशोर पोचला का ते विचारावं आणि वर चार शब्द सुनवावेत म्हणून मी फोन लावला, तर पलीकडून भलताच आवाज आला. "हा फोन कोनाचा व्हय, बाई? हे भाऊ गाडीवरून उतरले अन् रस्त्याच्या कडेलेच पडले..." वर्धा अजून यायचं होतं. सेवाग्रामचा दवाखाना तर त्याच्याही पुढे. आता महिना होत आला. लोक म्हणतात, रडून मोकळ्या व्हा. मला रडू येत नाही, संताप येतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, पण आधी मला त्याच्याशी भांडून घेऊ द्या.

किशोर माझा मामेभाऊ, माझ्याहून लहान. वर्ध्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, आणि मी इथे आंजीच्या वाचनालयात ग्रंथपाल. आमच्याकडे नेटची नेहमीचीच बोंब. परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली एकेका व्हिडिओसाठी मोबाइल वर धरून गच्चीवर फिरायच्या. ते पाहून एक दिवस हा पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पाटी घेऊन आला आणि म्हणाला, "हा कॉम्प्युटर हाये, ताई." मी म्हटलं, "अन् याचं तोंड कुठं हाये?" ना स्क्रीन, ना कीबोर्ड. "तोंड काऊन पायजे? काम करते ना तो!" नखाएवढ्या कार्डावर त्याने आपल्या लॅपटॉपवरून लिनक्स चढवलं, वाचनालयाच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड आधीच त्यात लिहून ठेवला, कार्ड पाटीत खुपसलं, पाटी एका डबीत बसवली आणि वायर जोडली. मग लॅपटॉपवर हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत त्या डबीचा पत्ता टाकून बसला आत शिरायला. डबी दाद देईना. पासवर्डातलं एक अक्षर यानेच चुकवलेलं, आणि बोल मात्र मला, की मी मधे बोलले म्हणून चुकलं! शेवटी जमलं. मुलींच्या मोबाइलवर जुन्या प्रश्नपत्रिका, धड्यांचे व्हिडिओ, त्यांनी एकमेकींसाठी काढलेली टिपणं असं सगळं नेटशिवाय उघडायला लागलं.

मी तेव्हाच सांगितलं होतं, याला एक स्क्रीन लाव. "गावात ज्याले तोंड नाई त्याले कोनी इचारत नाई, किशोर." तो हसला. "स्क्रीन लावली त तुये अध्यक्ष तिच्यावर क्रिकेट पाहत बसन." मग मलाच शिकवलं, लॅपटॉपवरून आत कसं जायचं ते. आत गेलं की सगळ्यात आधी याने लिहून ठेवलेली ओळ यायची, इंग्रजी अक्षरांत पण आपल्या बोलीत: आली का ताई? जेवली का? मी चिडायचे. कामाच्या ठिकाणी हा कसला चावटपणा! पण एक गोष्ट त्याने माझ्याकडून घोकून घेतली होती. "आधी त्याले निजव, मंग वायर काढ. चालू असतानी झटका देल्ला त कार्ड मरते." निजवायचं म्हणजे त्या काळ्या खिडकीत बंद व्हायचा हुकूम द्यायचा.

त्या दिवशी तो त्याच कार्डाची एक कॉपी काढून ठेवायला आला होता. एक हात लॅपटॉपवर, एक छातीवर. चेहऱ्यावर घाम. मी म्हटलं, "ऊठ, सेवाग्रामले चाल." तर म्हणे, "कॉपी होऊन राह्यली ना, ताई. झाली की जातो." "ते मशीन नाई मरून राह्यलं, तू सोताकडे पाह्य!" ऐकेल तर शपथ. पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती आणि हा तिच्याकडे बघत बसलेला. झाल्यावर कॉपीचं कार्ड माझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत टाकलं. ऑटो बोलावते म्हटलं तर, "गाडी हाये ना माही." जगातल्या प्रत्येक वस्तूची दुसरी प्रत ठेवणारा हा शहाणा, स्वतःची छाती एकदा कोणाला दाखवायला तयार नव्हता. डबीला निजवल्याशिवाय वायर काढू नको म्हणे... आणि स्वतःचं काय केलंस रे?

तेराव्यानंतर वाचनालयात शोकसभा ठेवली. मी मामीकडून पोचले तोवर भाषणं सुरू झाली होती. कपाटावर किशोरचा फोटो, हार, आणि फोटोभोवती लुकलुकणारी दिव्यांची माळ. त्या कपाटाजवळ प्लगची एकच जागा. माझी नजर खाली गेली, तर डबीची वायर लोंबत होती. ना विचारलं, ना निजवलं, सरळ उपटली होती. माइकवर एक गृहस्थ सांगत होते, किशोरभाऊंचं काम कायम राहील. अगा बाबा, कसं राहील? मी उठून माळ काढली आणि डबीची वायर लावली. लाल दिवा लागला. हिरवा लुकलुकायला हवा, तो लागेचना. अध्यक्ष जवळ येऊन पुटपुटले, "म्याडम, ते बंदच होतं ना. काहीच त दिसून नव्हतं राह्यलं." मी मोठ्यानं म्हटलं, "बंद नव्हतं. तुमी मारलं त्याले." कोणी तरी समजूत घातली, बाई दुःखात आहेत. दुःखात नाही, रागात आहे, म्हटलं. तोंड असलेल्या फोटोला प्लग मिळाला, काम करणारी डबी गेली!

मुलींची परीक्षा तोंडावर आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चष्म्याची डबी उघडली. कॉपी अर्धवट असली तर मुलींचं सगळं गेलं, आणि हा त्या पट्टीपुढे उगाच थांबला. जुनं कार्ड काढून हे खुपसलं, वायर लावली. हिरवा दिवा लुकलुकला. काळ्या खिडकीत पत्ता टाकला. नकार. त्याच्या नावाने दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा टाकला.

आली का ताई? जेवली का?

कॉपी पुरी होती. मुलींची टिपणंसुद्धा सगळी जागच्या जागी. म्हणजे तू उगाच थांबलास असंही आता मला म्हणता येत नाही! तेवढाही हक्क ठेवला नाहीस. मी त्या खिडकीत बदाबदा टाइप केलं, नाई जेवली, तू काऊन नाई गेला? यंत्राने इंग्रजीत कळवलं, असा हुकूम मला ठाऊक नाही.

फोटो अजून कपाटावर आहे, माळेशिवाय. प्लग डबीचा. संध्याकाळी मुली गेल्या की मी आधी तिला निजवते. हिरवा दिवा विझेपर्यंत तिथेच उभी राहते, मग वायर काढते. आणि तेवढा वेळ रोज तुझ्याशी भांडते, किशोर.