सरांचं बंद पाकीट

आमच्या कामात दाखवण्यासारखं काही जमत नाही, किस्से मात्र ढीगभर जमतात. डार्क मॅटर कुणी पाहिलेलं नाही. त्याचे कण एकमेकांना भिडून नष्ट होत असतील, तर दूरच्या दीर्घिकांमधून त्यातून निघालेले गॅमा किरण यावेत, एवढ्या आशेवर आम्ही बेंगळुरूत बसून दुर्बिणीचा डेटा चाळतो.

*

एकदा सर्जापूर रोडला रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, काय काम करता? म्हटलं, जे दिसत नाही ते शोधते.

तो आरशातून बघत राहिला. "ढूँढो मत, मॅडम. उसको पता चल जाएगा."

 

*

आमचे देसाई सर बेळगावचे. सगळ्या मुलींना अक्का म्हणायचे. डेटा आमच्या हाती देण्याआधी ते कधीकधी त्यात गुपचूप खोटा सिग्नल मिसळायचे. कुठे मिसळला ते लिहून पाकीट चिकटवायचे आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवायचे.

"आभाळानं फसवायच्या आधी मी फसवतो की," म्हणायचे.

*

माझी मैत्रीण अनघा पहिल्यांदा फसली, तेव्हा तिनं आनंदानं आईला फोनसुद्धा केला होता. सरांनी पाकीट पुढे केलं. आत दीर्घिकेचं नाव, ऊर्जेचा आकडा आणि खाली त्यांची ठरलेली ओळ: "अक्का, हे खोटं आहे. मीच टाकलंय."

अनघा जिन्यात बसून रडली. आईला परत फोन मी केला.

*

सर आजारी पडले. हॉस्पिटलात अनघाला म्हणाले, "कपाटाची किल्ली माझ्याकडंच राहू दे. तुला अजून एकदा फसवायचंय."

आम्ही हसलो. आठवड्याभरात सर गेले. मला अजून त्यांची आठवण येते.

*

त्यानंतर तीन महिन्यांनी दुर्बीण एका नव्या दीर्घिकेकडे वळली. तो डेटा थेट अनघाकडे आला. तिच्या फेलोशिपचा शेवटचा महिना, पीएचडी त्यावरच अडलेली. आणि सिग्नल दिसला. आम्ही दोघींनी पंधरा दिवस तपासला, तो हलेना.

आता मिसळणारं कुणी नव्हतं. तरी अनघा म्हणाली, "एकदा कपाट बघू या. म्हणजे आईला फोन करता येईल."

सरांच्या बायकोकडून किल्ली आणली. कपाटात एकच पाकीट होतं, चिकटवलेलं. दीर्घिकेचं नाव तेच. आकडा तोच. खाली सरांच्या अक्षरात ती ठरलेली ओळ.

अनघानं मला विचारलं, "सर कुठल्या तारखेला गेले गं?"

ती तारीख तिला माझ्यापेक्षा पक्की पाठ होती.