फुटलेला पेपर आणि चिमणाबाईंची ताटली

शिवलीला पुण्याला जाऊन एवढं शिकली आणि परत येऊन बोहारीण झाली, ही बातमी सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पसरली. बातमीदार चिमणाबाई. त्या काळी गल्लीत फोन दोनच, आणि दोन्ही बहुधा बंद. चिमणाबाई मात्र कधी बंद पडल्या नाहीत.

पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. शिवलीला खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरत होती. "काकू, जुनं लुगडं हाय का? फाटकं घोंगडं चालंल. काथ्या असंल तर बघा की." बरं, बोहारीण निदान लुगड्याच्या बदल्यात पातेलं तरी देते. ही नुसती हसायची.

"बाप गुळाच्या अडतीवर राबला," चिमणाबाई नळावर सांगायच्या, "आणि पोरगी चिंध्या गोळा करालीय. देवा, शिक्षण कुणाला लागंल सांगता येत न्हाय."

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण चिंध्यांपुरतीच बातमी खरी होती. शिवलीलानं किराणा दुकानाच्या माडीवर एक खोली घेतली होती. जी मुलं बोलत नाहीत, हाक मारली तर वळत नाहीत, एकसारखी गोल फिरतात, नवा सदरा घातला की अंगातून काढून फेकतात, अशा मुलांना तिथं आणायचं. कुठला स्पर्श, कुठला आवाज, कुठला वास मुलाला सोसत नाही, आणि कशाच्या मागं ते वेड्यासारखं धावतं, हे तिनं खेळता खेळता बघायचं. ऑटिझम हा शब्द तेव्हा कोल्हापुरात डॉक्टरांच्या तोंडीसुद्धा क्वचित यायचा. गल्लीनं तो एकदा ऐकला आणि सोडून दिला.

पुण्याहून आणलेली प्रश्नांची यादी परदेशी होती. मूल गालिच्यावर अनवाणी चालतं का? घर झाडायच्या यंत्राचा आवाज ऐकून पळतं का? बर्फात हातमोजे घालू देतं का? आमच्या गल्लीत गालिचा यायचा तो लग्नात, तोही भाड्यानं, आणि बर्फ यायचा गोळेवाल्याच्या गाडीवर. शिवलीलानं ती यादी कपाटात ठेवली आणि गल्लीतून सामान जमवायला घेतलं. घोंगडं, काथ्या, मऊ झालेलं इरकल लुगडं, म्हशीच्या गळ्यातली घंटा, हिंगाची डबी, घमेलंभर जोंधळं.

हे कळल्यावर बायकांचा जीव भांड्यात पडला आणि ट्रंका उघडल्या. चिमणाबाईंनीही मोठं मन करून एक ताटली आणि पळी दिली. "वाजवून बघ, सनईवानी वाजती. पण सासूबाईंचं नाव घातलंय तिच्यावर. परत पायजे."

"देतो की मावशी," शिवलीला म्हणाली.

गल्लीच्या टोकाला रत्नव्वा राहायच्या. संकेश्वराकडच्या, निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलणाऱ्या, आणि दोन्हीत सारख्याच भांडणाऱ्या. त्यांची नात रक्षिता सहा वर्षांची. दिसायला निरशा दुधासारखी, पण कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, आणि कधी कशानं किंचाळेल नेम नाही. बालवाडीतनं दोनदा परत आली होती. आता पहिलीची वेळ आली, तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी रत्नव्वांना सांगितलं, "त्या माडीवरच्या मॅडमचा कागद आणा. पोरगी वर्गात बसू शकंल असं त्यांनी लिहिलं तर जूनमध्ये घेतो. न्हाईतर घरीच बरी."

घरीच बरी, या दोन शब्दांनी रत्नव्वांची झोप उडाली. त्यांचा धाकटा भाऊ रुद्राप्पा असाच होता. त्यालाही कुणीतरी घरीच बरा म्हणालं होतं. तो घरामागच्या परड्यातल्या खोपीत वाढला, तिथंच म्हातारा झाला आणि तिथंच गेला. रत्नव्वांनी शिवलीलाकडून तारीख घेतली आणि थेट चिमणाबाईंचं दार गाठलं.

"चिमणे, पोरीची परीक्षा हाय. नापास झाली तर जन्माची घरात बसंल."

चिमणाबाईंच्या चारही मुलांनी चौथीची स्कॉलरशिप दिली होती. मिळाली एकालाही नाही, पण परीक्षेची तयारी म्हणजे काय ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या रत्नव्वांच्या जवळ सरकल्या. "अगं, रडतीस काय? पेपर आपल्याच घरातनं गेलाय न्हवं?"

आणि खरंच की. कुणी काय दिलं ते गल्लीला पाठ होतं. पेपर फुटल्याच्या भानगडी बोर्डात होतात असं वर्तमानपत्रात यायचं. इथं तर पेपर काढणारीनंच तो दारोदार फिरून जमवला होता.

दुसऱ्या दिवसापासून रत्नव्वांच्या पुढच्या सोप्यात शिकवणी सुरू झाली. घोंगडं पायाला लावायचं, काथ्या तळहातावर घासायचा, ताटलीची बहीण ताटली कानाशी वाजवायची. रक्षितानं ओरडायचं नाही. नाही ओरडली तर शेंगदाण्याचा लाडू. पहिले काही दिवस पोरीचा आकांत ऐकून शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग आकांत कमी झाला. वैशाख लागेपर्यंत पोरगी दगडासारखी बसायला शिकली, आणि चिमणाबाईंनी नळावर निकाल जाहीर केला: पहिला नंबर.

तारखेच्या दिवशी रक्षिता माडीवर आली. शिवलीलानं घोंगडं पसरलं. पोरगी त्यावर जाऊन उभी राहिली. काथ्या घेतला, हिंग हुंगला, घंटा वाजली तरी पापणी हलवली नाही. दाराशी बसलेल्या रत्नव्वांच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

शिवलीलाला मात्र कसंतरीच वाटायला लागलं. नवी वस्तू दिसली की मूल काहीतरी करतं. हात मागं घेतं, नाक मुरडतं, हसतं, तोंडात घालून बघतं. ही पोरगी काहीच करत नव्हती. शिवलीला पिशवीत हात घालायची आणि काथ्या बाहेर यायच्या आधीच रक्षिताचा तळहात पुढं आलेला असायचा. स्वतःच्या झग्याचं टोक तिच्या तोंडात होतं आणि चावून चावून ओलं गच्च झालं होतं. शेवटी शिवलीलानं चिमणाबाईंची ताटली वाजवली. रक्षितानं डोळे गच्च मिटले, उघडले, आणि दाराशी बसलेल्या आजीच्या कमरेकडं बघितलं. तिथं कनवटीला लाडवाएवढा फुगवटा होता.

"अव्वा," शिवलीला म्हणाली, "लाडू कुठं हाय?"

रत्नव्वांनी कनवटीतून लाडू काढला आणि त्या रडायलाच लागल्या. खोपीतला रुद्राप्पा, शाळेच्या मोठ्या बाई, चिमणाबाईंची शिकवणी, सगळं बाहेर आलं. "लिही की गं तंगी, धाकटी बहीण हाईस माझी, बसती म्हणून लिही. बघितलंस न्हवं, कशी बसली ती?"

"बसली न्हाय, अव्वा. बसवलीस. मी असं लिहिलं आणि तिकडं शाळेत तिचा जीव घाबरला, तर लाडू कोण देणार?"

"मग काय लिहिणार हाईस?"

"आज काय न्हाय. मला पोरगी दिसलीच न्हाय अजून."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीत निकाल फिरला: रक्षिता नापास. रत्नव्वांनी शिवलीलाशी बोलणं टाकलं. चिमणाबाईंनी ताटली परत मागितली. शिवलीला म्हणाली, काम संपल्यावर देतो. आणि तिकडं जून जवळ येत होता. रात्री जेवताना शिवलीलाला सारखी ती पोरगी आठवायची. महिनाभराच्या शिकवणीखाली ती कुठं दडपली गेलीय आणि तिला वर कसं काढायचं, हे तिच्या पुस्तकात नव्हतं.

मग चटणीचा दिवस आला. तेव्हा वर्षाची चटणी सगळी गल्ली मिळून कांडून आणायची. मिरच्या भाजून, कांदा-लसूण, खोबरं, तीळ यांचे डबे घेऊन बायकांची पलटण कांडपाच्या दुकानात निघाली की रस्त्यातली माणसं आधीच शिंकायला लागायची. आता पाकिटातली चटणी खाणाऱ्यांना ती मजा सांगून कळायची नाही. शिवलीलाही आईचा डबा घेऊन गेली होती. रत्नव्वा तोंड फिरवून पुढं बसल्या होत्या. नातीला घरी कुणाकडं ठेवायची म्हणून तिलाही आणली होती.

लोखंडी मुसळं वर जात होती आणि दाणकन् खाली येत होती. जमीन हादरत होती. तिखटानं बायकांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पदर नाकाला, बोलणं खुणांनी. तेवढ्यात रत्नव्वांनी मागं बघितलं. रक्षिता नव्हती.

सापडली ती यंत्राच्या मागच्या भिंतीशी. पाठ, डोकं, दोन्ही तळहात भिंतीला चिकटवून उभी होती. शिंकत होती, पण जागची हलत नव्हती. मुसळ खाली आलं की भिंत थरथरायची आणि पोरगी डोळे मिटून हसायची. कुणी लाडू दाखवला नव्हता. मुसळाच्या ठेक्यावर ती हुं हुं करत होती, आणि तिचा तो आवाज रत्नव्वा पहिल्यांदाच ऐकत होत्या.

एवढ्यात शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी आली. कांडपाच्या गदारोळात शिवलीला सोडून इतर कुणाचं तिकडं लक्षही गेलं नाही. रक्षितानं मात्र दोन्ही कान झाकले आणि किंचाळत खाली बसली. रत्नव्वा तिला हळूहळू थोपटायला गेल्या तशी ती आणखीच ओरडली.

"थोपटू नको, अव्वा. घट्ट धर. दाबून धर. मिरचीचं पोतं धरल्यासारखी."

रत्नव्वांनी बोलणं टाकलंय हे विसरून पोरीला आवळून धरलं. दोन-चार मुसळं पडेपर्यंत पोरगी गप्प झाली.

शिवलीला तिथंच मिरचीच्या डब्यावर बसली. तिला रक्षिता दिसली होती. जड आवाज, जड हात तिला सावरत होता. बारीक आवाज सुईसारखा टोचत होता, हलका स्पर्श मुंगीसारखा चावत होता. पुढचे आठ-पंधरा दिवस ती रोज रत्नव्वांच्या सोप्यात जाऊन नुसती बसली. भांडी घासताना, वेणी घालताना, ट्यूब बारीक गुणगुणायला लागली की पोरगी काय करते ते बघत राहिली. शिकवणी बंद. लाडू चालू, पण फुकट.

मग तिनं शाळेला लिहून दिलं. पास नाही, नापास नाही. पोरगी वर्गात बसेल, पण भिंतीला टेकून बसवा, ट्यूबखाली नको. शिट्टी वाजवायच्या आधी तिला सांगा. मांडीवर वजन ठेवू द्या. रत्नव्वांनी घोंगड्याची उशी शिवली आणि त्यात जोंधळं भरलं. मोठ्या बाई कागद वाचून म्हणाल्या, "हे बसंल म्हणायचं की न्हाई म्हणायचं?" शिवलीला म्हणाली, "भिंत द्या, मग बघू." त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

लगेच काही सरळ झालं नाही. कवायतीच्या शिट्टीला पोरगी पहिल्या आठवड्यात दोनदा घरी पळून आली, आणि रत्नव्वा उशी काखेत मारून तिला दोनदा परत घेऊन गेल्या. दिवाळी आली आणि गेली. मोठ्या बाईंनी मुदतीचा विषय काढला नाही. रक्षिता त्या भिंतीला टेकून चौथीपर्यंत शिकली. पुढं हायस्कूलला गेली, दहावीला एकदा अडकली, दुसऱ्या खेपेला सुटली. त्या दिवशी रत्नव्वांनी गल्लीभर शेंगदाण्याचे लाडू वाटले.

ते कांडप आता बंद पडलंय. त्या जागी मोबाईलचं दुकान झालं. दारात म्हैस पिळून दूध देणारे गवळी गेले, नळावरची गर्दी गेली, आणि ट्रंकेतली लुगडी मागत फिरावं अशी दारंही उघडी राहिली नाहीत. शिवलीलाची खोली तेवढी तिथंच आहे.

दोन हजार सात साली चिमणाबाई काठी टेकत तिचा जिना चढल्या. त्यांच्या धाकट्या नातवाला बोलणं येत नव्हतं. पंखा लागला की तो खाटेखाली जायचा. गल्लीत कुणाला कळू नये म्हणून त्या भर दुपारी आल्या होत्या, आणि अर्थात सगळ्या गल्लीनं बघितलं. कपाटात वर ठेवलेली ताटली त्यांना दारातूनच दिसली, पण आज ताटलीचं भांडण काढायला तोंड नव्हतं. इकडं तिकडं बघून त्या हळूच म्हणाल्या, "शिवलीला, काय काय इचारणार हाईस तेवढं आधी सांग की. चार दिवस तयारी करून आणतो."

शिवलीलानं ताटली खाली काढली, पदरानं पुसली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"पोराला हाय तसं घेऊन ये, मावशी. शिकवून आणलंस तर ताटली परत मिळायची न्हाय."