रूम रिकामीच असते

सर्व्हर रूममध्ये मी धूळ साचू देत नाही. किस्से मात्र साचतच जातात! धाराशिवच्या आमच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. सगळ्या शाखांचा हिशेब त्या एका खोलीत. तिथं आग विझवायची यंत्रणा बसवायचं ठरलं आणि माझी झोप उडाली.

*

सुरुवात झाली यूपीएसच्या बॅटरीतून धूर निघाला तेव्हा. आमचे वॉचमन मारुतीमामा, मूळचे ईट गावचे, पाण्याची बादली घेऊन धावत आले. मी दारातच आडवी आले.

"मामा, पाणी नका टाकू! सगळे सर्व्हर जातील!"

"मग काय जळू द्यायचं व्हय, ताई?"

मेन स्विच पाडला, धूर विरला. पण मामांचं चुकलं नव्हतं. पाणी नाही, तर काय?

*

आधी धुराचा अलार्म बसवला. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, आणि आमचे कॅशियर शकीलभाई यांनी कौतुकानं आणलेला उदबत्त्यांचा अख्खा पुडा! अलार्म असा काही कोकलला की सगळी गिऱ्हाइकं रस्त्यावर. काउंटरवरचे एक आजोबा मात्र जागचे हलले नाहीत.

"जळतंय तर जळू द्या. लई येळानं माझा नंबर आलाय!"

*

मग गॅस विकणारा आला. त्याच्याकडं दोन प्रकार. महागडा गॅस आग विझवतो, आत माणूस असला तरी त्याला सुखरूप बाहेर पडता येतं. स्वस्तातला म्हणजे कार्बन डायऑक्साइड. अलार्म वाजला की दार आपोआप बंद, आत गॅस भरला की खेळ खल्लास.

"कुणाचा?" मी विचारलं.

"आगीचा हो, मॅडम! फक्त आत माणूस नसला पाहिजे."

"तिथं माणूस कशाला जाईल?" आमचे मॅनेजर साहेब म्हणाले. "रूम रिकामीच असते. स्वस्तातला घ्या."

रिकामी! अख्ख्या ऑफिसात एसी तेवढ्या एकाच खोलीत. एप्रिलमध्ये रॅकच्या मागं मला एक उशी सापडली होती, शिवाय एक खरबूज. मी सगळ्यांसमोर विचारलं, "आत कोण कोण बसतं, खरं सांगा."

"न्हाय बा," मामा म्हणाले.

"तौबा, मॅडम! तिथं कोण जातंय?" शकीलभाई म्हणाले. खरबूज त्यांचंच होतं.

गारवा कुणालाच सोडायचा नव्हता. मला भयंकर राग आला. यातलंच कुणीतरी एक दिवस आत गुदमरून मरणार, आणि हे सगळे पंख्याकडं बघत बसलेत!

*

सिलिंडर आले. जोडायच्या आधी नुसता भोंगा आणि दार तपासायचं होतं. ठरलेला दिवस दुसरा, पण नळदुर्गला काम निघालं म्हणून गॅसवाला आदल्या दुपारीच टपकला. साहेब सकाळीच कळंबच्या शाखेला जातो म्हणून निघाले होते. बाकी सगळ्यांना मी पॅसेजमध्ये उभं केलं. एकेक चेहरा बघितला. सगळे होते. तेव्हा कुठं जिवात जीव आला.

भोंगा वाजला. दार धाडकन बंद झालं.

आणि आतून कुणीतरी दारावर बुक्क्या मारायला लागलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सगळे तर बाहेर होते! शकीलभाई पुटपुटले, "या अल्ला, आत कोन हाय?"

"उघडा!" मी ओरडले. गॅसवाला बटण दाबतोय, दाबतोय, दार हलत नाही. आतल्या बुक्क्या हळू व्हायला लागल्या. सिलिंडर भिंतीला टेकून तसेच उभे होते, न जोडलेले. आज जोडलेले असते तर? शेवटी मामांनी आणि शकीलभाईंनी खांदा लावला, तेव्हा दार उघडलं.

साहेब बाहेर आले. घामानं डबडबलेले, गालावर उशीचा वळ, एका पायात बूट. कुणी हसलं नाही. कुणाला हसू आलंच नाही.

गॅसवाल्यानं चाचरत विचारलं, "साहेब, सिलिंडर... कधी जोडू?"

"हे उचला आधी. तो महागडा आणा." साहेबांनी भिंतीचा आधार घेतला. "मामा, माझा एक बूट आत राहिलाय."

मामा आत निघाले. दारात थांबून त्यांनी वळून विचारलं, "नेहमीच्याच जागी असंल न्हवं, साहेब?"