माळावरचं पाहुणीचं झाड

आमच्या ऑफिसात कपाट एकच, आणि त्याचंही दार लागत नाही. तरी फायली मावतात. मावत नाहीत ते किस्से! सोलापुरात सात रस्त्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची दीड खोली आहे. परदेशातून कुणी पर्यावरणाचं काम करायला आलं, की त्याला गावोगाव घेऊन जायचं, हे आमचं काम. मी दुभाषी आणि मल्लूअण्णा ड्रायव्हर. पाहुणे सहा महिन्यांनी परत जातात, किस्से इथेच मुक्कामाला राहतात. त्यातले निम्मे एकट्या लीनाचे आहेत.

लीना फिनलंडची, चोवीस वर्षांची. पगार नाही, काही नाही, हौसेनं आलेली. तिला एकच गोष्ट सांगायची होती. मैंदर्गीच्या अलीकडे जे उघडे गवताळ माळ आहेत, ते तसेच राहू द्या, त्यांच्यावर झाडं लावू नका. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि चरणारी मेंढरं, सगळ्यांचं त्या उघडेपणावरच चालतं.

पर्यावरणवाली बाई, आणि म्हणते झाडं लावू नका! खरं सांगते, पहिल्या दिवशी मलाही पटलं नव्हतं.

* * *

पहिली सभा माळालगतच्या गावात, मारुतीच्या पारावर. लीना इंग्रजीत बोलणार, मी मराठीत सांगणार, आणि म्हाताऱ्या मंडळींसाठी मल्लूअण्णा कानडीत.

लीना म्हणाली, "हा माळ फार मोलाचा आहे." मी तेवढंच मराठीत सांगितलं. मग अण्णा उभे राहिले आणि चांगली दहा मिनिटं बोलले. लोक हसले, हळहळले, एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

"काय सांगितलंत एवढं?" मी विचारलं.

"माळ मोलाचा हाय म्हटलं. मग का मोलाचा, ते नको का सांगायला? म्हणून मामाची म्हैस तिथं हरवली होती, ती सांगितली."

"सापडली का?" लीनानं विचारलं.

"ते पुढच्या सभेत!" अण्णा म्हणाले.

* * *

सभा संपल्यावर सरपंच शिवलीलाताई लगबगीनं पुढे आल्या. बाई उत्साही. शाल झाली, नारळ झाला. मग त्या म्हणाल्या, "आता पाहुणीच्या हातानं एक झाड! आमच्यात पाहुणा आला की झाड लावतोच आमी."

आणि सगळी वरात निघाली ती थेट माळावर. बरोबर मधोमध खड्डा तयार, कडुलिंबाचं रोप तयार, फोटोवाला तयार!

लीना माझ्याकडे बघते, मी अण्णांकडे, अण्णा आभाळाकडे. नाही म्हणावं तर गावाचा अपमान. शेवटी तिनं रोप लावलं. फोटोत सगळे हसताहेत. लीनाचा चेहरा तेवढा दात उपटून घ्यायला बसल्यासारखा आलाय.

* * *

तिच्या पहिल्या जेवणात शिवलीलाताईंनी कडक भाकरी वाढली. आमच्या सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणारी. तिच्यावर शेंगाचटणी आणि दही.

लीनानं चटणी खाल्ली, दही खाल्लं, आणि उरलेली भाकरी दोन्ही हातांत धरून मला हळूच विचारलं, "किती सुंदर प्लेट! ही कंपोस्टमध्ये टाकायची ना?"

मी हे मराठीत सांगायला नको होतं. पण सांगितलं. अजून त्या घरात भाकऱ्या थापल्या, की सासू सुनेला म्हणते, "प्लेटा झाल्या का गं?"

* * *

शाळेत लीनानं मुलांना निसर्गाचं चित्र काढायला सांगितलं. पंचवीस मुलांनी पंचवीस चित्रं काढली. सगळ्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी नारळाचं झाड.

लीना खिडकीतून बाहेर बघायला लागली. डोंगर कुठे दिसेना. "हे कुठलं आहे?"

"हे निसर्गचित्र हाय, मॅडम," एक पोरगी म्हणाली.

"आणि बाहेर दिसतो तो माळ?"

पोरीला बाईंची कीव आली. "तो निसर्ग न्हाय, मॅडम. ते रिकामं हाय."

त्या दिवशी गाडीत लीनानं ती पंचवीस चित्रं मांडीवर घेऊन एकेक करून परत बघितली. मलाही वाईट वाटलं, कारण लहानपणी मीही तेच डोंगर काढले होते.

* * *

माळावर तिचा खरा मास्तर होता बिराप्पा. पन्नाशीचा मेंढपाळ, त्याची साठेक मेंढरं त्याच माळावर चरायची. लीना दुर्बीण लावून पक्षी शोधायची, आणि बिराप्पा काठीनं दाखवायचा, "ती बघा टिटवी. आन् अंडी हितं, पायापाशी." उघड्या जमिनीवर चार ठिपकेदार अंडी, खड्यांत खडे. ती दिसली की बिराप्पा भोवती दगडांचं कडं करायचा. मेंढरं त्या कड्यात पाय टाकत नसत. कसं, ते त्याला विचारलं तर म्हणायचा, "त्यांला ठावं हाय की."

एकदा त्यानं विचारलं, "ताई, पगार न्हाय म्हणता. मग तुमची आई काय म्हणती?"

"आई विचारते, परत कधी येणार."

"माझी बी तेच इचारायची," बिराप्पा म्हणाला.

* * *

एप्रिलात ऊन बेचाळीसच्या वर गेलं. लीना म्हणाली, "आमच्याकडे घाम काढायला सौना नावाच्या गरम खोलीत लोक मुद्दाम जाऊन बसतात."

अण्णा घाम पुसत म्हणाले, "हितं सगळा जिल्हा बसलाय की!"

पण त्याच महिन्यात हसू आटलं. पंचायतीनं ठरवलं, की पावसाळ्याआधी पुऱ्या माळावर रोपं लावायची आणि भोवती तारेचं कुंपण घालायचं. म्हणजे बिराप्पाची मेंढरं बाहेर. त्याला दुसरा माळ नव्हता.

लीना धावत माळावर गेली. सगळं गवत वाळलेलं, आणि मधोमध तिचं कडुलिंबाचं रोप हिरवंगार! बिराप्पा पाण्याची कळशी घेऊन उभा.

मी चिडलेच. "अहो, झाडांपायी तुमची मेंढरं जायची वेळ आली, आणि तुम्हीच पाणी घालताय?"

"पाहुणीच्या हातचं हाय. वाळलं तर गावाचं नाव जाईल," तो म्हणाला.

* * *

एक मेची ग्रामसभा. लीनानं चाळीस स्लाइड तयार केल्या होत्या. तिसऱ्या स्लाइडला लाइट गेली. लोकांनी सवयीनं टॉवेल फिरवून वारा घ्यायला सुरुवात केली.

मागून बिराप्पा उठला. तो सभेत कधीच बोलायचा नाही. आमच्याकडे सुगीनंतर शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात. त्यांच्या लेंडीखतावर पुढची ज्वारी पोसते.

"माळावर झाडं लावा," बिराप्पा म्हणाला. "मी मेंढरं इकतो. फकस्त औंदा कुणी रानात मेंढरं बसवायला बोलवू नका."

आणि खाली बसला.

शिवलीलाताईंच्या नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. त्यांच्याच सात एकरांत दरवर्षी मेंढरं बसायची! ताईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "रोपं शाळेच्या आवारात आन् रस्त्याच्या कडंनं लावू. माळ हाय तसा ऱ्हाऊ द्या. हात वर करा."

हातच हात वर झाले. लीना माझ्या कानात म्हणाली, "ही स्लाइड माझ्याकडे नव्हती." आणि रडली. मीही रडले, लपवत नाही.

* * *

आणि हा शेवटचा. भर मे महिन्यातला लीनाच्या निरोपाचा दिवस. पुन्हा शाल, पुन्हा नारळ, पुन्हा वरात माळावर. शिवलीलाताईंनी ठरवलं होतं, की चूक जिथं झाली तिथंच दुरुस्त करायची. रोप मुळासकट काढून शाळेत नेऊन लावायचं, आणि तेही पाहुणीच्याच हातानं.

शाळेच्या गुरुजींनी माइक घेतला. "आता पाहुण्यांच्या शुभहस्ते झाड उपटण्यात येत आहे! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला. लीना खुरपं घेऊन पुढे गेली आणि जागीच थांबली.

आळ्याच्या काठावर दगडांचं कडं होतं. आत चार ठिपकेदार अंडी. वर टिटवी घिरट्या घालत नुसती कोकलत होती.

गुरुजींनी आपण होऊन माइक बंद केला. सगळं गाव चपला हातात घेऊन चार पावलं मागं सरकलं.

"कधीपासून?" लीनानं मराठीत विचारलं.

"चार दिस झालं," बिराप्पा म्हणाला. "कुणाला सांगितलं न्हाय. सगळी बघाया आली असती. पाणी बी बंद केलंय, अंडी भिजतील म्हणून." मग तो खाली बघत, पुटपुटल्यासारखा म्हणाला, "पिल्लं निघूस्तवर तुमचं झाड वाळंल, ताई. चालंल का?"

लीनानं खुरपं खाली ठेवलं, अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली आणि म्हणाली,

"लई चालंल!"