ब्रँडराव आणि रद्दचं बटण

अन्याय झाला तो शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या, टँकरच्या फेऱ्या सोडणाऱ्या सुलभाताईंवर आणि वेरूळच्या पलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका सोमवारी, सकाळी सव्वासातला. करणारा माणूस दुष्ट नव्हता, लई गोड होता. दुष्टांपासून लोक सावध तरी राहतात.

आम्ही त्याला ब्रँडराव म्हणायचो. संगणकाचा पडदा तो कायम दहा फुटांवरून बघायचा, मान तिरकी करून, एक डोळा मिटून, मुलगी बघायला आल्यासारखा. खुर्चीवर बसून त्यानं त्या पडद्यावर एक काम केलेलं मी कधी पाहिलं नाही. टँकर पुरवणाऱ्या आमच्या कंपनीनं सॉफ्टवेअर नवं करायला त्याला आणलं होतं. मी त्याच्या हाताखाली पत्रकं लिहायचो. "शंभरातून आपला पडदा ओळखू आला पाहिजे," हे त्याचं पालुपद.

ओळखू कुणाला यायला हवा होता, देव जाणे. तो पडदा बघणारं माणूस एकच, सुलभाताई. आणि त्यासुद्धा बघायच्याच नाहीत. कानाला फोन, नजर खिडकीबाहेर उभ्या टँकरांवर. ड्रायव्हर ओरडायचा, "ताई, लगाया क्या?" की बोट आपोआप उजव्या कोपऱ्यातल्या हिरव्या "सोडा" बटणावर. डावीकडे तांबडं "रद्द". तीन उन्हाळे असेच गेले, एक फेरी चुकली नाही.

कंपनीच्या चिन्हातली पाण्याची लाट डावीकडे वळलेली. म्हणून ब्रँडरावानं अख्खा पडदा डावीकडे वळवला. "सोडा" डावीकडे, "रद्द" उजवीकडे, दोन्ही कंपनीच्या किरमिजी रंगात, दोन्हींना लेण्यांसारखी कमान. कुठलंही दाबा, वर एकच वाक्य, "धन्यवाद! थेंब थेंब आपला." ते वाक्य माझं. लाज वाटते.

ताई म्हणाल्या होत्या, "साहेब, नाव वर लिहा की टोलेजंग. टँकरवर रंगवा. पण हात जिथं जातो तेवढं राहू द्या."

"ताई, सगळे तसंच करतात. मग आपण कोण?"

"आपण पाणी सोडणारे."

ब्रँडराव खळखळून हसला आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. एवढा गोड.

त्या सोमवारी नवा पडदा सुरू झाला. पहिलीच फेरी वस्तीची, तिथं तीन दिवसांतून एकदाच पाणी जायचं. फोनवर वस्तीतले बिरूआबा. "सुटला बघा आबा," म्हणत ताईंचं बोट उजव्या कोपऱ्यात गेलं. रद्द झालेली फेरी आपोआप शहराच्या यादीत जायची. बायपासला नव्या इमारती उगवत होत्याच, टँकर तिकडं गेला. दुपारी पुन्हा फोन आला तेव्हा ताईंना कळलं. पण रद्द फेरीला पुढच्या पाळीपर्यंत नंबर नाही, हा नियम.

गुरुवारी बिरूआबा खिडकीशी आले. भांडले नाहीत. "ताई, तुमी सुटला म्हणाल्या व्हत्या. म्या समद्यांना तसंच सांगितलं. उरलंसुरलं बी त्याच भरवशावर वाटून टाकलं. सात मेंढ्या गेल्या."

ताईंनी खिडकीतूनच हात जोडले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

ब्रँडरावानं अहवाल लिहिला. सुबक अक्षरं, चहूबाजूंनी मोकळी जागा. मधोमध दोन शब्द, "मानवी चूक". ताईंचा हात नेहमीच्याच जागी गेला होता, जागा यानं हलवली. आणि चूक हाताची! ताईंना काढलं. ब्रँडरावाला पुण्यात मोठी नोकरी लागली. निरोपाला त्यानं मला मिठी मारली. डोळ्यांत खरं पाणी होतं. म्हणाला, "दोन शब्दांत सांगता आलं पाहिजे, बरं का." ती शिकवण मी अजून वापरतो, आणि वापरताना दर वेळी दातओठ खातो. पुण्यातही तो आता कुणाच्या तरी हाताखालची बटणं हलवत असेल, दहा फुटांवर उभा राहून.

ताई आता शिवणकाम करतात. दोन कार्यालयांत अर्ज केले, दोन्हीकडे कंपनीच्या दाखल्यावरचा "मानवी चूक" हाच शेरा आडवा आला.

वाचणाऱ्या, तू जर कार्यालयात असली सॉफ्टवेअरं मंजूर करत असशील, तर सही करण्याआधी ते वापरणाऱ्या बाईला तिथं बसव आणि तिचा फोन वाजू दे. काहीही मंजूर करत नसशील, तरी येत्या शुक्रवारी सकाळी दहाला कंपनीच्या दारात ये. शेरा खोडलेला दाखला ताईंच्या हातात मिळेपर्यंत आपण तिथून हलायचं नाही.