एवढं एकच क्रियापद

मला इंग्रजीतलं एकच क्रियापद येतं, ‘कीप’. पण ते असं येतं की झोपेतून उठवून विचारा.

ते शिकण्याचं कारण होतं धुळ्याचं स्थळ. मुलगा कचेरीत कारकून. मुली बघायला त्याचे काका जात आणि मुलीला इंग्रजी विचारत. काका पारोळ्याच्या मुली नापसंत करून आल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माणूस पाठवून चौकशी केली. काका सगळीकडे हेच क्रियापद विचारतात, असं कळलं. मी मराठी चौथी झालेली. जळगावला इंग्रजी शाळेत शिकणारा थोरला भाऊ सुट्टीत घरी आला होता, त्याला आबांनी माझ्या मागे लावलं.

गोठ्यात मी धार काढायची आणि भावाने वासरू धरून शिकवायचं. गाय पाळली की कीप, दिलेला शब्द पाळला की कीप, इथवर आपल्यासारखंच. पण दुकान चालवलं तरी कीप, किल्ली जपून ठेवली तरी कीप, गप्प बसलं तरी कीपच. ‘ही’ म्हणजे ‘तो’ आला की कीप्स, काल झालं असेल तर केप्ट. एवढ्याशा शब्दाच्या पोटात इतकं सारं मावतं, याचं मला वेडच लागलं. पुढचं क्रियापद सांग म्हणून मी भावाला भंडावून सोडलं. तो म्हणाला, धुळ्याला शिकशील. त्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येतं, नवरा शिकवील. त्या आशेवर मी लग्नाला मनापासून तयार झाले. नवरा मी पाहिलाही नव्हता.

काकांनी विचारलं आणि मी धडाधडा सांगत सुटले. गाय झाली, शब्द झाला, दुकान झालं, तोच ते ‘बस’ म्हणाले आणि मला चालून दाखवायला लावलं. किल्ली आणि गप्प बसणं तोंडातच राहिलं. त्याचा राग मला अजून आहे.

लग्न झालं. वर्तमानपत्र खरंच येत होतं. ते काका वाचत, मग ते फडताळात अंथरलं जाई. नवरा वाईट नव्हता. कधी वावगं बोलला नाही. आज विचारील, उद्या विचारील म्हणून मी कितीतरी महिने वाट पाहिली. शेवटी एका दुपारी तो पान लावत बसला असताना धीर करून मीच म्हटलं, ‘‘आय कीप अ काउ.’’

तो वर न बघता म्हणाला, ‘‘आता कशाला ते? पसंत केलं ना तुला.’’

आखाजीच्या सणाला माहेरी न्यायला भाऊ बैलगाडी घेऊन आला. धुळं मागे पडताच त्याने मोठ्या हौसेने विचारलं, नवऱ्याने नवीन काय काय शिकवलं. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त उत्सुकता होती.

मी म्हटलं, ‘‘भाऊ, तठे माले कोनी काहीच इचारत नही.’’

इतके महिने मला रडू आलं नव्हतं. हे बोलले आणि आलं.